माणिकबाईच्या कोठीतला माणूस

माणिकबाईनं घरात माणूस ठेवला आहे, ही बातमी गावात पहिल्यांदा फुटली ती पापड लाटता लाटता. फोडली अर्थातच मैनाबाईनं. तिच्या आणि माणिकबाईच्या घरात भिंत एकच, आणि त्या भिंतीचा मैनाबाईइतका उपयोग गवंड्यानंसुद्धा कधी केला नसेल.

"दिवा लावाच्या वक्ताले येते आवाज," तिनं सांगितलं. "कोठीच्या खोलीतून. चांगला जाडाभरडा माणूस हाय."

लाटणी थांबली. एकीनं रेडिओ असेल अशी शंका काढून पाहिली. मैनाबाईनं तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि विचारलं, तुमच्या घरचा रेडिओ 'माणिके, चाय मांड' म्हणतो काय. पापड त्या दिवशी सगळे वाकडे झाले.

आठ दिवसांत गावात दोन पक्ष पडले. एक भुताचा, एक याराचा. भुताच्या पक्षाचं म्हणणं, तो माणिकबाईचा मेलेला नवरा शेषराव. बायकोत जीव अडकला, दुसरं काय. याराच्या पक्षाची पुढारी मैनाबाई. तिचा मुद्दा तसा बिनतोड होता. शेषरावाचा आवाज तिनं उभा जन्म ऐकलेला. बारीक, किनरा, बकरीच्या पिल्लासारखा. आणि हा कोठीतला आवाज म्हणजे खोल विहिरीत दगड घासावा तसा. "मेल्यावर माणसाचा गळा सुधरते काय?" असं ती विचारायची.

चैत्र संपता संपता माणिकबाईची सून दीपमाला अकोल्याहून आली, तेव्हा ऑटोतून उतरल्या उतरल्या एका बाईनं तिला हसून विचारलं, सासरा बरा आहे ना. दीपमालाच्या लग्नाच्या कितीतरी आधी तिचा सासरा गेला होता. तिनं त्याला फोटोत पाहिला तेवढाच. पण ती काही घाबरली नाही, उलट तिला हसू आलं. कोठीच्या खोलीत काय आहे हे तिला ठाऊक होतं. कॅसेट होती.

शेषराव आणि माणिकबाई मळेवाले. नांदगाव खंडेश्वराच्या पुढं, विहिरीच्या पाण्यावर दोघं भाजी पिकवायचे आणि बाजारोबाजार विकायचे. पालक, काटेरी वांगी, आणि सांबार. पुण्याकडं ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. ओरडायचं काम शेषरावाचं, भांडायचं माणिकबाईचं. भाव पाडून मागणाऱ्या बाईला माणिकबाई अशी काही उत्तरं द्यायची की बाजूचे दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकत बसायचे. तिचं बोलणं फुकट ऐकायला मिळतं म्हणून काही बाया मुद्दाम तिच्याकडूनच पालक घ्यायच्या.

मग शेषरावाचा गळा बसायला लागला. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळं आधी कुणी मनावर घेतलं नाही. ओरडवेना, तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. घरात लग्नात आलेला टेपरेकॉर्डर होता. एका सकाळी त्यानं कोरी कॅसेट घातली, गळ्यात होता नव्हता तो जोर लावून बाजारची आरोळी भरून घेतली, आणि पुढच्या बाजारापासून भाजीच्या ढिगाशेजारी भोंगा लावून तीच वाजवायला लागला. टेप ओरडायचा, शेषराव शेजारी मुक्यानं जुड्या बांधायचा. आधी आवाज पेटीत गेला, मागून माणूस गेला. अकोल्याला दवाखान्यात नेला होता. आणला तो कापडात गुंडाळून.

माणिकबाईनं त्यानंतरही काही बाजार ती कॅसेट वाजवली. पण बाया ढिगापर्यंत येऊन थबकायच्या. मेलेला माणूस 'घ्या व बाई, घ्या' म्हणतो, तिथून सांबार कोण नेणार? तिनं टेप घरी आणला, तो कायमचाच.

त्या कॅसेटमध्ये आरोळीनंतर आणखी थोडं काही होतं. भरून झाल्यावर शेषरावाला बटण लवकर सापडलं नव्हतं. म्हणून आरोळी संपली की जरा खुडबुड ऐकू यायची, आणि मग त्याचं घरातलं, साधं बोलणं: "माणिके, बंद कर व हे. चाय मांड. मी मोटर पाहून येतो." मग खोकला, चपलांचा आवाज, आणि खट्. माणिकबाईला आरोळीशी घेणंदेणं नव्हतं. तिला पुढचं एवढंसं हवं असायचं. रोज दिवा लावला की ती कोठीच्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि टेप अगदी बारीक लावून ऐकायची.

हे सगळं दीपमालाला तिच्या नवऱ्यानं, देवानंदनं सांगितलेलं. देवानंद अकोल्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. बापाचा गळा गेला तेव्हा तो लहान होता. बापाचा आवाज म्हणून त्याला जे आठवतं ते कॅसेटमधलंच. एकदा जेवताना त्यानं दीपमालाला सांगितलं होतं, की स्वप्नात बाबा येतात, तोंड हलतं, पण ऐकू काहीच येत नाही. "थे कॅसेट एक दिवस तुटन," तो म्हणाला होता, "मंग माह्याजवळ काहीच नाही राहणार." तेव्हापासून दीपमालाच्या डोक्यात एकच बसलं होतं. कॅसेट मरायच्या आत तो आवाज मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचा. यंदा ती वाळवणाच्या निमित्तानं आली होती खरी, पण आली होती त्या आवाजासाठी.

पहिल्या संध्याकाळी तिनं दाराबाहेरून तो आवाज ऐकला आणि तिचं हसू पळालं.

आवाज चिखलातून पाय ओढत आल्यासारखा येत होता. "मा... णि... के..." एकेका अक्षरामागं खोल कुठंतरी काही घासत होतं. ओळखीची वाक्यं होती, देवानंदनं सांगितली तीच, पण ती जणू कुणी तळाशी पडून वर सांगत होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं ऐकला होता तेव्हा एवढा जाड नव्हता. खोकला आला, चपला वाजल्या, खट् झालं. माणिकबाई बाहेर आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि भाकरी टाकायला बसली. दीपमालानं तिला विचारलं, आवाज असा का झाला. माणिकबाईनं नुसता हात हलवला. म्हातारा झाला, असं काहीसं.

हेही एक नवीनच होतं. ज्या बाईचं तोंड बाजार ऐकत होता ती आता दिवसभर हातानं बोलायची. मीठ दे, म्हणून बोट. दार लाव, म्हणून मान. उशाखाली ज्येष्ठमधाची काडी, सकाळ-संध्याकाळ हळदीचं कोमट पाणी. दीपमालाच्या मनात नको ते आलं. ह्या घरात गळा बसणं म्हणजे काय असतं हे तिला ऐकून माहीत होतं. अमरावतीला जाऊन दाखवू या, असं ती दोनदा म्हणाली. माणिकबाईनं दोन्ही वेळा पाखडायला तुरीचं सूप तिच्या हातात दिलं.

आवाज का बिघडला याचा उलगडा तिला तिसऱ्या दिवशी झाला, आणि तोही भर दुपारी, माळवदावर. वऱ्हाडातलं वैशाखातलं ऊन म्हणजे अनवाणी पाऊल टाकलं तर फोड येतो. माणिकबाईनं जुनी लुगडी पसरून वर्षाचं सगळं उन्हात घातलं होतं. इकडं तूरडाळ, तिकडं गहू, मिरच्या, मुगाच्या वड्या, गोधड्या. आणि मिरच्यांच्या शेजारी, एका ताटलीत, कडुनिंबाच्या पाल्यावर उताणी ठेवलेली ती कॅसेट.

"आत्याबाई," दीपमालानं विचारलं, "हे काहून ठेवलं उन्हात?"

माणिकबाई बऱ्याच दिवसांनी सलग बोलली, घोगऱ्या, तुटक आवाजात. "बुरशी लागली होती एका पावसाळ्यात. पांढरी पांढरी. तुरीले ऊन दाखोतो, गव्हाले दाखोतो, तवा वर्षभर टिकते. मंग त्याले नोको दाखवू?"

ह्यात तिची चूक तरी काय म्हणायची. त्या घरात टिकवायचं म्हणजे कडकडीत ऊन दाखवायचं, निंबाचा पाला घालायचा आणि कोठीत दडपून ठेवायचं. आजीनं तसं केलं, सासूनं तसं केलं. माणिकबाईनं नवऱ्याचा आवाजही बियाण्यासारखा जपला. दर उन्हाळ्याला भाजला आणि दर पावसाळ्याला डाळीत पुरला. दीपमालानं कॅसेट हातात घेतली. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी पोळत होती, आणि सपाट जागेवर ठेवली की डुगडुगत होती.

रात्रीची वाट न बघता तिनं देवानंदला फोन लावला. देवानंद म्हणाला, अकोल्यात महादेवराव म्हणून एक जुने टेप दुरुस्त करणारे आहेत, ते उतरवून देतील, मी रविवारी येतो. मग तीन दिवस दीपमालानं सासूची मनधरणी केली. माणिकबाई ऐकेना. कॅसेटचं नाव काढलं की ती कोठीला कुलूप घालायची आणि किल्ली कनवटीला लावायची. शेवटी एकदा म्हणाली, "अकोल्याले एकदा नेला होता त्याले. कसा आणला?"

आणि रविवारी देवानंद आला, पाय धुऊन चहाला बसला, तशी माणिकबाई आपण होऊन उठली, कोठी उघडली आणि कॅसेट त्याच्या पुढ्यात ठेवली.

देवानंद खूश झाला. आईच्या पाया पडला. दीपमालालाही बरं वाटलं, पण एक गोष्ट तिला खुपली ती खुपलीच. जिच्यासाठी ही बाई कालपर्यंत किल्लीवर झोपत होती, ती वस्तू तिनं शिळ्या सांबाराच्या जुडीसारखी पुढं सरकवली. देताना कॅसेटकडं बघितलंसुद्धा नाही. देवानंद संध्याकाळच्या आत निघाला. दीपमाला कुरड्यांच्या चिकासाठी मागं राहिली.

त्या रविवारी संध्याकाळी कोठीची खोली गप्प होती. देवानंदला पोचवून दोघींना यायलाच उशीर झाला होता. भिंतीपलीकडून मैनाबाईनं विचारलं, आज सुट्टी आहे काय. दीपमालानं तिला खरं काय ते सांगून टाकलं, कॅसेट होती, ऊन लागून बिघडली, आता अकोल्याला गेली. मैनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कॅसेट आमी हजारदा ऐकली व पोरी, बाजारात. थ्यातला आवाज असा नव्हता. आणि मागच्या महिन्यात लाइन गेली होती चार दिवस, तारा तुटल्या होत्या. तवाबी येऊन राहिला होता तुहा सासरा. बिनालाइनचा."

सेलवर चालत असेल, दीपमालानं स्वतःला समजावलं. सोमवारी दुपारी माणिकबाई विहिरीकडं गेली तशी ती कोठीच्या खोलीत शिरली आणि टेपरेकॉर्डर उलटा केला. मागचं झाकण उघडलं. आत सेल होते. फुटून, पाझरून, हिरवे होऊन पट्टीला असे चिकटले होते की नखानंही निघेनात. टेपच्या वायरकडं तिनं पाहिलं. पिनेपाशी उंदरानं ती केव्हाच कुरतडून तोडली होती. नुसती रबराची शेपटी लोंबत होती.

तिनं झाकण लावलं. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. खोलीत निंबाच्या पाल्याचा कडू वास होता, बाकी काही नव्हतं. कोठी, टेप, एक पाट. भिंतीला खिडकीही नव्हती.

संध्याकाळी लाइन गेली. तशी ती उन्हाळ्यात जातेच. माणिकबाईनं देवाजवळ दिवा लावला, दीपमालाकडं एकदा नीट बघितलं आणि कोठीच्या खोलीत जाऊन दार लोटलं. दीपमाला ओसरीवर चिकाचं पातेलं घेऊन बसली होती. तिला वाटलं, सवय आहे, नुसती बसून येईल. तेवढ्यात मोबाइल वाजला. देवानंद होता, आणि त्याचा आवाज ठीक नव्हता.

महादेवरावांनी कॅसेट उघडली होती. आतली पट्टी वितळून गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. हात लावला की तुकडा पडत होता. काहीही निघणार नव्हतं. "आणखी एक सांगत होते ते," देवानंद म्हणाला. "हे काही आत्ता नाही झालं म्हणतात. दोन उन्हाळे तरी झाले, हे कॅसेट फिरलीच नसन."

दीपमाला काही बोलणार, तोच दारामागून खट् झालं आणि आवाज सुरू झाला.

"घ्या... व बाई... सांबार घ्या..."

पातेल्यातला हात पातेल्यातच राहिला. अंधार पडायला आला होता, गावात कुठं दिवा नव्हता. कॅसेट अकोल्यात होती, तुकडे होऊन. आणि आवाज येत होता, परवासारखाच, खालून, घासत, एकेक शब्द ओढून आणत. भिंतीपलीकडं मैनाबाईचा कुकर बंद झाला. ती ऐकत होती.

फोनमधून देवानंद अगदी हळू म्हणाला, "कोण बोलून राहिलं थे?"

दीपमालानं फोन दाराच्या दिशेनं धरला.

"बाबा हायेत," देवानंद म्हणाला. "हाच आवाज व. हाच. दीपे, भरून घे. फोन ठेव अन् भरून घे लवकर."

तिनं फोन कापला. लोटलेल्या दाराला बोटभर फट होती. तिथं डोळा लावावा असं तिला वाटलं. तिनं मोबाइल लावला, आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिली.

आरोळी पुरी झाली. खुडबुड झाली. "माणिके, बंद कर व हे. चाय मांड. मी... मोटर पाहून येतो." मग खोकला आला. तो ठरल्या ठिकाणी थांबला नाही, वाढतच गेला, ओला, खोल, संपेचना. दीपमालानं मोबाइल हलवला नाही. शेवटी चपला वाजल्या. खट्.

दार उघडून माणिकबाई बाहेर आली. एकटीच. कपाळावर घाम, मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटलेल्या, डोळ्यांत पाणी. हातात शेषरावाच्या जुन्या चपला होत्या. त्या तिनं कोनाड्यात नेऊन ठेवल्या. मग सुनेच्या मोबाइलकडं बोट केलं आणि श्वासातल्या श्वासात विचारलं, "झालं काय भरून?"

दीपमालानं मान हलवली.

"मंग झालं," माणिकबाई म्हणाली, आणि पाणी प्यायला माठाकडं गेली. पाणी मात्र घशाखाली उतरायला तिला फार वेळ लागला.

ते तिचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं तर हवा तेवढी बाहेर आली. दीपमालानं यावेळी विचारलं नाही, सरळ गाडी करून अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, कधीपासून त्रास आहे ते विचारलं, तंबाखू खाता का विचारलं, आणि एक तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायचा आहे. माणिकबाईला त्याची काही फिकीर दिसत नाही. ती कोठीच्या खोलीतही आता जात नाही; संध्याकाळी ओसरीवर बसून जुड्या बांधते, मुक्यानं, तिचा नवरा बांधायचा तशा.

देवानंदनं तो आवाज दुकानातल्या सगळ्यांना ऐकवला. तीन मोबाइलमध्ये ठेवला, बहिणींना पाठवला, आता काही झालं तरी बाबा जात नाहीत म्हणाला. स्वप्नात बाबा बोलायला लागलेत, असंही त्यानं दीपमालाला सांगितलं. फिरत फिरत तो आवाज गावातही पोचला. मैनाबाईनं दोनदा लावून ऐकला, मग याराचा पक्ष सोडून भुताच्या पक्षात गेली, आणि तिथंही पुढारी झाली. फक्त शेषराव असा बोलत नव्हता, एवढं ती अजून म्हणते.

आईचा आवाजही भरून ठेवायला हवा होता, असं देवानंद परवा म्हणाला. आपल्या कुणाच्याच मोबाइलमध्ये तिचं एक वाक्य नाही, भांडतानाचंसुद्धा नाही. दीपमाला कुरड्या मोडत राहिली.

कोठीच्या खोलीत कुणी माणूस नव्हता. कॅसेट बंद पडून दोन उन्हाळे झाले होते. तेव्हापासून तो आवाज माणिकबाई स्वतः काढत होती.